आमच्या कोठ्यातले उंदीर

आमचा कोठा घराच्या मागेच आहे. त्यात कुटार, अवजारे आणि पेरणीचे सोयाबीन असते. मागच्या उन्हाळ्यात एका पोत्याला खालून भोक पडलेले दिसले. बाबा म्हणाले, "औषध आणतो." आजी म्हणाली, "थांब, आधी त्याची वाट कोणती ते पाह्य."

मग आम्ही खुणा शोधल्या. ताज्या लेंड्या काळ्या, मऊ अन् चकचकीत असतात. जुन्या करड्या होतात, चुरा होतो. उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो, म्हणून तिथे तेलकट काळा पट्टा उमटतो. संध्याकाळी आजीने कडेने राख पसरली आणि चारही बिळे मातीने बुजवली. सकाळी राखेत पावले, अन् बीळ एकच उकरलेले! तिथेच भिंतीला लावून पिंजरा ठेवला, आत तेल लावलेली भाकर. दोन रात्रीत दोन उंदीर सापडले.

औषध आणलेच नाही. झिंक फॉस्फाइडची काळी पूड उंदरासारखीच कुत्र्याला, कोंबडीला अन् माणसालाही मारते, तिच्यावर उतारा नाही. आमची लहान बहीण तर रांगते, हाती येईल ते तोंडात घालते!

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आईने फिनेलचे पाणी शिंपडून त्या उचलल्या, मग साबणाने हात धुतले. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो.

पोती आता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आहेत. दोन पायल्या बियाणे मात्र गेलेच. बांधाजवळच्या तेवढ्या तासांत आजीने मूग पेरला.