शहाण्या घराची पहिली खरेदी

बोलताच दिवा लावणारे घर आता नांदेड-लातुरातही होऊ लागले आहे. पण माझे मत विचाराल, तर दिव्याला मी शेवटच्या पंगतीला बसवीन! २०१६ च्या एप्रिलात ज्या लातुराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथे पहिला मान गच्चीवरच्या टाकीचा. टाकी भरताच मोटार आपोआप बंद करणारे यंत्र आधी घ्यावे. मग वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर जोडावा. तो निजला, की बाकीची बहुतेक यंत्रे हुकूम ऐकत नाहीत. तिसरा स्मार्ट प्लग. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला ६ अँपिअरचा प्लग चालत नाही, १६ चाच हवा. एवढे झाले, की दिव्याला खुशाल हाका माराव्यात. सांडलेले पाणी मात्र हाक मारून परत येत नाही!