अलाइनमेंटचे पाचशे रुपये वसूल होतात का?

पावसाळा सरत आला की रहाटणी-काळेवाडी भागातल्या टायरच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागू लागते. आपण हवा भरायला म्हणून थांबतो आणि दुकानातला मुलगा चाकाकडे नजर टाकून म्हणतो, ‘‘साहेब, अलाइनमेंट आऊट दिसतेय. रोटेशनपण करून घ्या.’’ मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. अलाइनमेंटचे चार-पाचशे, बॅलन्सिंगचे वेगळे, रोटेशनचे वेगळे. हवा फुकट आणि वर हजार रुपये. गाडी तर नीट चालते आहे. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत आपण निघतो.

मीही असाच निघालो होतो. जुलैतल्या एका रात्री नाशिक फाट्याहून घरी येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावे चाक जोरात आदळले. त्यानंतर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित तिरके धरावे लागायचे. आठवड्याभरात हाताला त्याची सवय झाली आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. दिवाळीत सगळ्यांना घेऊन समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे ठरले, म्हणून टायर पाहिले. बाहेरून नक्षी चांगली जाड होती. दुकानदाराने स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावले आणि मोबाईलची बॅटरी आतल्या कडेवर धरली. ती कडा गुळगुळीत होती, आणि एका जागी रबराखालचे धागे दिसत होते. त्या टायरवर आम्ही पाच जण ताशी शंभरच्या वेगाने सातशे किलोमीटर जाणार होतो.

दोन टायरचे साडेनऊ हजार गेले. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात होता : दुकानदार सांगतो ते सगळे खरे असते, की त्यातले थोडे?

अलाइनमेंट म्हणजे काय, हे उभ्या उभ्या समजून घेता येते. पायांचे चवडे थोडे आत वळवून दहा पावले चाला. पुढे जाता येते, पण प्रत्येक पावलाला तळवा जमिनीवर आडवा घासतो. गाडीच्या पुढच्या दोन चाकांचे तोंड आत किंवा बाहेर वळले की हेच होते. याला ‘टो’ म्हणतात. चाक वरून आत किंवा बाहेर कलले, तर तो ‘कॅम्बर’. ज्या अक्षाभोवती चाक वळते त्याचा मागे-पुढे असलेला कल म्हणजे ‘कॅस्टर’. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. यात टायरच्या जिवावर सर्वात जास्त उठतो तो टो.

किती, ते मोजता येते. समजा, खड्ड्यातल्या एका दणक्याने दोन्ही चाकांत मिळून एक अंशाचा फरक पडला, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला अर्धा अंश आला. डोळ्यांना हा फरक दिसणार नाही. पण अर्ध्या अंशाने तिरके चाक एक किलोमीटर पुढे जाताना सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. रहाटणीहून चाकणला कामाला जाणाऱ्याचे एका दिशेचे अंतर पंचवीसेक किलोमीटर धरले, तर कंपनीच्या गेटपर्यंत पोहोचेपर्यंत टायर दोनशे मीटरहून अधिक फरफटलेला असतो. संध्याकाळी परत तेवढाच. कंपन्या टोची सूट अंशात नव्हे तर मिनिटांत देतात, ते यामुळेच. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट.

आपल्या पट्ट्यात हा दणका कुठे बसेल, हे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यातला नाशिक फाटा ते चाकण रस्ता, अवजड ट्रकांनी चाळण केलेला तळेगाव-चाकण रस्ता, आणि प्रत्येक सोसायटीसमोर आपापल्या मर्जीने घातलेले गतिरोधक. पण एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. अलाइनमेंट रोजच्या चालण्याने हळूहळू ‘संपत’ नाही. इंजिन ऑइलसारखी तिला मुदत नसते. ती बिघडते ती दणक्याने, वाकलेल्या भागाने किंवा झिजलेल्या बुश आणि टाय रॉडमुळे. काहीही आदळलेले नसताना ‘पाच हजार किलोमीटर झाले’ एवढ्याच कारणाने दर वेळी पैसे मोजण्यात गाडीपेक्षा दुकानाचे हित जास्त आहे.

संगणकावरून निघणाऱ्या रंगीत कागदाचेही तसेच. त्यावर दहा-बारा आकडे असतात, काही लाल, काही हिरवे. बहुतेक छोट्या गाड्यांत त्यातला खरोखर फिरवून बदलता येणारा आकडा एकच असतो, पुढच्या चाकांचा टो. मागचा आस बहुधा एकसंध असतो; तिथे फिरवायला बोल्टच नसतो. कॅम्बरचा आकडा लाल असेल तर काहीतरी वाकले आहे किंवा लोअर आर्मचा बुश गेला आहे. तो न बदलता केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकते. म्हणून आधी गाडी वर उचलून चाक हाताने हलवून पाहायला सांगावे, चारही चाकांत हवा सारखी करून घ्यावी आणि मगच यंत्र लावू द्यावे. गाडी न उचलता थेट यंत्र लावणाऱ्या दुकानातून मी आता सरळ बाहेर पडतो.

आता पैशांचे पाहू. पुढची जोडी साडेनऊ-दहा हजारांची आणि ती ४० हजार किलोमीटर चालायला हवी, असे धरू. टो बिघडल्याने ती २५ हजारांतच गेली, तर सुमारे पावणेचार हजारांचे आयुष्य वाया गेले. दर पाच हजारांना पाचशे रुपये दिले असते तर ४० हजार किलोमीटरमध्ये आठ वेळा मिळून चार हजार झाले असते, म्हणजे नुकसानीपेक्षा विमाच महाग. दर दहा हजारांना केली तर दोन हजार. आणि फक्त दणका बसल्यावर, नवे टायर घातल्यावर किंवा स्टिअरिंग तिरके राहू लागल्यावर केली, तर बहुधा त्याहूनही कमी. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे : वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, आणि मध्ये कधी पोटात धस्स होईल असा खड्डा लागला तर त्याच आठवड्यात.

तक्रार नेमकी कोणती, हेही ओळखावे. ताशी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरते आणि वेग बदलला की थांबते, ते बहुधा बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढते, ती अलाइनमेंट असू शकते. पण आधी हवा तपासावी, कारण एका चाकात चार-पाच पीएसआय कमी असले तरी गाडी तशीच ओढते. आणि पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते डावीकडे उतरते असतात. त्यामुळे डाव्या बाजूला किंचित कल असणे हा दोष नव्हे.

रोटेशनची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा हिशेब केल्यावर मलाच धक्का बसला. आज बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि तेच पुढची चाके ओढते. वजन, ओढ, वळण आणि ब्रेकचा मोठा वाटा असे सगळे पुढच्या टायरवर. मागचे टायर नुसते मागे येतात. समजा, पुढचे ३० हजारांना संपतात आणि मागचे ६० हजारांना. १ लाख २० हजार किलोमीटरमध्ये पुढे चार जोड्या लागतील, मागे दोन. एकूण १२ टायर. आता ठरावीक अंतराने पुढचे मागे, मागचे पुढे केले तर चारही टायर सारखे झिजून ४० हजारांना संपतील. तेवढ्याच अंतरात चारचे तीन संच, म्हणजे तेही १२ टायर! रोटेशनने रबर निर्माण होत नाही. झीज फक्त वाटली जाते. ‘टायरचे आयुष्य वाढते’ ही पाटी गणितात बसत नाही.

मग ते करायचे कशाला? एक कारण वयाचे. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि ऊन त्याला कडक करतात. अनेक कारनिर्मात्या कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. काही टायर कंपन्या दहा वर्षे ही कमाल मर्यादा मानतात. (टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा. ‘२३२२’ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा.) आपली गाडी शनिवार-रविवारचीच, वर्षाला सात हजार किलोमीटर धावणारी असेल, तर सहा वर्षांत ४२ हजार होतात. मागचे टायर तेव्हा तीस टक्के शिल्लक असतानाच वयामुळे टाकावे लागतात. रोटेशन केले असते तर चारही टायर साधारण त्याच सुमाराला वापरून संपले असते. सहा वर्षांत यात सुमारे तीन हजार रुपये वाचतात आणि दर वेळचे दीड-दोनशे धरले तर खर्च सात-आठशे होतो. म्हणजे रोटेशन जास्त उपयोगी पडते ते कमी चालणाऱ्या गाडीला. रोज चाकणला जाऊन-येऊन वर्षाला वीस हजार करणाऱ्याचे टायर म्हातारे होण्याआधीच संपतात.

दुसरे कारण आवाजाचे. वर्षानुवर्षे मागेच राहिलेल्या टायरच्या कडा करवतीच्या दातांसारख्या झिजतात आणि घूं-घूं आवाज येऊ लागतो. तो बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलणारे पुष्कळ. टायर वेळेवर पुढे-मागे झाले तर ते दात बसत नाहीत. बाजूवर बाण असलेले, एकाच दिशेने फिरणारे टायर मात्र डावे-उजवे करायचे नसतात. अनेक गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते, तिलाही या फेऱ्यात घ्यायचे नाही.

दोनच नवे टायर घेतले तर ते कुठे घालायचे, यावर दुकानात हमखास वाद होतो. ‘पुढे घाला, ओढतात तेच’ असे आपल्याला वाटते. टायर कंपन्या मागे घालायला सांगतात, आणि त्यांचे बरोबर आहे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायला नकार देते, पाय काढला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना सावरता येते.

इथे पैशांचा हिशेब मागे पडतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारसाठी ती किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेत मध्ये मध्ये असलेले छोटे उंचवटे तेवढ्याच उंचीचे असतात. नक्षी त्यांना टेकली की टायर संपला. ही नक्षी शोभेसाठी नसते, ती पाणी बाजूला फेकते. पाणी फेकले गेले नाही तर टायर त्यावर तरंगू लागतो. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी याचे एक सोपे सूत्र दिले. त्यात तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २५ला ८३. हा अंदाज साचलेल्या पाण्यासाठी आणि झिजलेल्या टायरसाठी आहे, पण पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जुलैत ९० हा वेग कुणाला जास्त वाटत नाही.

समृद्धीवर नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि काही महिन्यांतच टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. चांगलेच झाले. पण अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर आतल्या कडेने गेलेला असतो, आणि उभ्या गाडीची ती कडा बाहेरून दिसत नाही. माझी गाडी तिथून बहुधा सहज आत सोडली गेली असती.

घासलेले रबर जाते कुठे, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्याची बारीक धूळ हवेत जाते आणि पहिल्या पावसात रस्त्यावरून गटारात. आपल्याकडे तिथून पवनेत. ओझोनपासून रबर वाचवण्यासाठी टायरमध्ये ‘सिक्स-पीपीडी’ नावाचे रसायन घालतात. त्याचे ओझोनशी संयोग होऊन बनलेले रूप अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सामन मासे मारते, हे २०२०मध्ये तिथल्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले. दिवसाला चारशे मीटर आडवा फरफटणारा टायर या धुळीत आपली भर घालतोच.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी सकाळी थंड असताना, हवा मोजतो. त्यासाठीचे मापक टायरच्या दुकानातच काही शे रुपयांना मिळाले. मग स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवतो आणि तळहात टायरवरून आडवा फिरवतो. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर टो बिघडला आहे. धागे दिसण्याच्या कितीतरी आधी हाताला कळते. मागच्या रविवारी उजवे चाक थोडे खरखरीत लागले. शनिवारी दुकानात जातो आहे; आधी बुश बघायला सांगणार आहे.