व्हर्वेट कुठे बघतंय?

केनियाची सफारी करून आलेल्यांच्या फोटोंत सिंह असतो, चित्ता असतो, किलिमांजारोसमोर चरणारे हत्ती असतात. व्हर्वेट माकड बहुधा नसतंच. कॅम्पातल्या टेबलावरून केळं पळवणाऱ्या माकडाकडे कॅमेरा कोण वळवणार? पण प्राण्यांच्या आवाजांविषयीची आपली समजूत ज्यांनी बदलली, त्यांत या माकडाचा मान मोठा आहे.

शत्रू बदलला की व्हर्वेटची हाक बदलते, हे संशोधक टॉम स्ट्रूसेकर यांनी केनियातल्या अंबोसेलीत १९६०च्या दशकातच नोंदवलं होतं. ही निव्वळ घाबरल्याची ओरड की नेमकी खबर? रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी झुडपात स्पीकर लपवले आणि आसपास एकही शिकारी नसताना या हाका ऐकवल्या. बिबट्याची हाक ऐकून जमिनीवरची माकडं झाडावर चढली. गरुडाच्या हाकेला त्यांनी वर पाहिलं, काही झुडपात घुसली. सापाची हाक येताच काही मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळू लागली. नुसता आवाज पुरेसा होता! या प्रयोगाचा शोधनिबंध १९८०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पिल्लं मात्र गळणाऱ्या पानालाही गरुडाची हाक देतात. नेमकेपणा वयानुसार येतो.

म्हणून व्हर्वेटचा फोटो काढताना आधी कान लावावा. ताडोबात वानराचा ‘कॉल’ आला की गाइड जिप्सी थांबवतो, तसंच इथेही थांबावं. पांढऱ्या किनारीतला काळा चेहरा भर उन्हात नुसता काळा डाग दिसतो, डोळे हरवतात. सकाळचा तिरपा उजेड गाठावा, एक्स्पोजर चेहऱ्यावर बेतावं. आणि माकड कुठे बघतंय, ती दिशा चौकटीत येऊ द्यावी. नुसत्या चेहऱ्यापेक्षा तो फोटो कितीतरी जास्त सांगतो.

ड्रोन मात्र नकोच. सेनेगलमध्ये व्हर्वेटच्या जवळच्या नात्यातल्या हिरव्या माकडांवरून संशोधकांनी ड्रोन उडवला. कधी न पाहिलेल्या त्या वस्तूला माकडांनी वेगळीच हाक दिली, आणि ती व्हर्वेटच्या गरुड-हाकेशी जुळणारी निघाली. पुढे ड्रोनचा नुसता आवाज ऐकूनही ती आभाळ धुंडाळू लागली. २०१९मध्ये हे प्रसिद्ध झालं. संशोधकांचा हेतू अभ्यासाचा होता. आपल्या एका फोटोसाठी कळपाला असं घाबरवू नका. गाडीचं इंजिन बंद करा, खाऊ टाकू नका आणि दुर्बीण जवळ ठेवा.