धुऱ्याचा वाद आणि शेताची मोजणी

वऱ्हाडात दोन शेतांमधील सीमेला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून होणारे तंटे हे भावकीत व शेजाऱ्यांत वितुष्ट येण्याचे एक मोठे कारण होय. अशा तंट्यात लबाडी असतेच असे नाही. दोघेही आपापल्या आठवणीप्रमाणे बोलत असतात. परंतु शेताची हद्द आठवणीवर ठरत नाही. ती सरकारी अभिलेख व शास्त्रशुद्ध मोजणी यांवरूनच ठरते.

धुरा का सरकतो?

अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे हद्दीचे दगड कलतात व कालांतराने मातीत गाडले जातात. नाल्याकाठचा धुरा पुराने कापला जातो. त्यातच नांगरट करताना दरसाल थोडा थोडा धुरा पोखरला जातो. ६६० फूट लांबीचा धुरा वर्षाला केवळ अर्धा फूट सरकला, तर दहा वर्षांत ३,३०० चौरस फूट, म्हणजे तीन गुंठ्यांहून किंचित अधिक जमीन या शेतातून त्या शेतात जाते. एका वर्षात जे डोळ्यांस दिसत नाही, ते एका पिढीत तंट्याचे मूळ बनते.

हद्दीचा आधार

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमीनमोजणी १८६१ मध्ये सुरू झाली. त्या पद्धतीची साखळी ३३ फुटांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. मोजणीचे नकाशे व नोंदी भूमी अभिलेख विभागाकडे जतन केलेल्या असतात. सातबाऱ्यावर क्षेत्र किती ते कळते. परंतु शेताचा आकार व हद्द कोठून कोठे जाते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून सातबारा हाती धरून गावातल्या गावात दोरी टाकल्याने वाद मिटत नाही.

मोजणी कशी करून घ्यावी?

चालू सातबारा, लगतच्या खातेदारांची नावे व पत्ते आणि विहित शुल्क यांसह तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा. हा अर्ज ई-मोजणी प्रणालीतूनही करता येतो. मोजणीची तारीख ठरल्यावर लगतच्या खातेदारांना नोटीस दिली जाते. त्या दिवशी सर्वांनी शेतावर हजर राहावे; गैरहजेरीतून पुढे संशय वाढतो. भूकरमापक प्रथम आसपासच्या जुन्या, खात्रीच्या निशाण्या शोधतो व त्यांच्या आधारे हद्द काढतो. पूर्वी हे काम साखळी व प्लेन टेबलने होई. आता उपग्रहाचे संकेत घेणारे रोव्हर यंत्र वापरले जाते. दाखविलेल्या खुणांवर त्याच दिवशी दगड पक्के रोवावेत आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळवून जपून ठेवावी.

पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात शेत मोकळे असताना मोजणी करणे सोयीचे असते. अर्ज मात्र त्यापूर्वी पुरेसा आधी द्यावा. जमिनीची खरेदी, भावांतील वाटणी, नवी विहीर किंवा तारेचे कुंपण यांपूर्वी मोजणी करून घेणे इष्ट होय. हद्दीपलीकडे खोदलेली विहीर मागाहून उचलून आणता येत नाही.

मोजणीची मर्यादा

मोजणीने हद्द दाखविली जाते. ताबा दिला जात नाही. अतिक्रमण आढळल्यास आपल्या हाताने धुरा मोडू नये. आपसांत समजुतीने मिटत नसेल, तर कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात दाद मागावी. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत निमताना मोजणी मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये हद्दनिशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर असून त्यांना इजा पोहोचविणे दंडास पात्र आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात वाटणी अथवा खरेदीची बोलणी चाललेली दिसताच मोजणीचा सल्ला द्यावा. मोजणीचे शुल्क एकदाच भरावे लागते. कोर्टकचेरीचा खर्च पुढच्या पिढीलाही सोसावा लागतो. पैसा पुन्हा मिळविता येतो, पण धुऱ्यापायी तुटलेला शेजार सहसा जुळत नाही.