बिग सरचा किनारी रस्ता आणि उन्हाळ्यातले धुके

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात कार्मेल आणि सॅन सिमिऑन या गावांच्या दरम्यान पॅसिफिक महासागराला खेटून जाणारा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता ‘बिग सर’ नावाच्या डोंगराळ प्रदेशातून जातो. या भागात सांता लुसिया पर्वताचे कडे थेट समुद्रात उतरतात. कोन पीक हे सुमारे १,५७० मीटर उंचीचे शिखर तर किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. सिलिकॉन व्हॅलीतील मराठी कुटुंबांकडे मे-जूनमध्ये भारतातून आलेल्या पाहुण्यांना हा रस्ता हमखास दाखवला जातो, आणि निळा समुद्र पाहायला निघालेल्या या मंडळींना पुष्कळदा पुढच्या वळणापलीकडचे काहीच दिसत नाही, कारण येथे धुक्याचा हंगाम हिवाळा नसून उन्हाळा आहे.

उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर हवेच्या उच्च दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र ठाण मांडून असते व त्यामुळे किनाऱ्याला समांतर असे वायव्येकडचे वारे वाहतात. या वाऱ्यांच्या रेट्याने आणि पृथ्वीच्या परिवलनाच्या परिणामाने पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा खोलातले थंड पाणी घेते. या क्रियेला ‘अपवेलिंग’ म्हणतात. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही किनाऱ्यालगतचे पाणी अंगाला झोंबण्याइतके गार असते. दूरच्या समुद्रावरची दमट हवा या गार पाण्यावरून सरकताना थंडावते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके बनते, ज्याला हवेच्या आडव्या वहनामुळे निर्माण होणारे म्हणून ‘अभिवहन धुके’ असे नाव आहे. त्याच्या वर उबदार, कोरड्या हवेचा थर असतो. वर जावे तसे तापमान घटण्याऐवजी वाढण्याच्या या स्थितीमुळे, म्हणजे तापमानाच्या विपरीततेमुळे, धुके वर उठू शकत नाही व किनाऱ्यालगत कोंडून राहते. कोकणातील नदीखोऱ्यांत थंडीच्या पहाटे दाटणारे धुके रात्री जमीन निवल्यामुळे तयार होते आणि ऊन चढताच विरते, परंतु बिग सरचे धुके समुद्राकडून येत असल्याने कधी दुपारी मागे सरते, तर कधी दिवसभर मुक्काम ठोकते.

पर्यटकांचा हिरमोड करणारे हेच धुके रेडवुड या जगातील सर्वांत उंच वृक्षजातीला जवळजवळ पाऊस नसलेला उन्हाळा निभावून नेण्यास मदत करते. सुईसारख्या पानांवर धुक्याचे कण साचून त्यांचे थेंब होतात व खाली टपकतात, त्यामुळे शेजारचा डांबरी रस्ता कोरडा असताना झाडाखालची माती ओली असते, आणि काही पाणी तर झाड पानांवाटेही शोषून घेते.

या रस्त्याच्या बांधकामाला १९१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो १९३७ मध्ये खुला झाला. कामावर सॅन क्वेंटिन तुरुंगातील कैदीही होते व त्यांना मजुरीबरोबर शिक्षेत सूट मिळत असे. बिक्सबी खाडीवरचा काँक्रीटचा एककमानी पूल १९३२ चा असून तो सुमारे ८० मीटर उंच आहे. डोंगराचा खडक मात्र चिरडलेला व ठिसूळ असल्यामुळे दरडींचे संकट कायमचेच आहे. मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे अख्खा डोंगरउतार समुद्रात कोसळला आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये, त्याच राडारोड्यावरून नवा रस्ता बांधल्यावर, वाहतूक पूर्ववत झाली.

एकट्या चालकाला हे सारे ठाऊक असणे विशेष गरजेचे आहे, कारण नजर रस्त्यावर असताना नकाशा पाहणारे शेजारी कोणी नसते आणि मोबाइलचे सिग्नल मैलोन्‌मैल मिळत नाहीत. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालत असल्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोयीचे पडते. समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांब्यांवर वळताना समोरची मार्गिका ओलांडावी लागत नाही. धुक्यात हेडलाइटचा प्रखर झोत उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. दुपदरी रस्त्यावर मागे पाच किंवा अधिक गाड्या खोळंबल्यास सावकाश चालणाऱ्याने बाजूच्या जागेत वळून त्यांना वाट द्यावी, असा कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे, आणि अनोळखी वळणांवर मागच्या गाडीच्या दडपणाने वेग वाढवण्यापेक्षा तो पाळणे केव्हाही बरे. पेट्रोलपंप मोजके व महाग असल्याने टाकी कार्मेलमध्येच भरलेली बरी.

स्वच्छ समुद्र पाहायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने जून-जुलैपेक्षा अधिक भरवशाचे असतात. तरीही निघण्यापूर्वी कॅलट्रान्स या राज्याच्या वाहतूक विभागाची रस्ता बंद असल्याची सूचना पाहावीच लागते, कारण मध्ये दरड कोसळलेली असल्यास आल्या वाटेने परत फिरून डोंगरापलीकडच्या १०१ क्रमांकाच्या महामार्गाने काही तासांचा वळसा घालण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते.