दोनशेतलं एक हाड

हाड पाण्यात बुडवायचं नाही, हे प्रयोगशाळेतले मामा आधीच बजावतात. ब्रश ओला करायचा, हाड नाही. तीन हजार वर्षं मातीत पडलेलं हाड पाणी पितं आणि सुकताना तडकतं. दात घासायच्या जुन्या ब्रशानं ते एकेका तुकड्यावरची माती उतरवतात, खळग्यात अडकलेली बांबूच्या काडीनं हलकेच उकरतात आणि तुकडा जाळीवर सावलीत ठेवतात. त्या खोलीत शिरताच वास येतो. कुजल्याचा नाही, मांसाचा तर नाहीच. बंद पेव पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसा कोंदट, मातकट वास. घरी आल्यावर तो माझ्या शालीला होता.

मी येरवड्याला डेक्कन कॉलेजात गेले ती एका चित्रामुळे. श्रीनगरजवळच्या बुर्झहोमला 1960 ते 1971 या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं टी. एन. खजांची यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. तिथे एका नवाश्मयुगीन बांधकामात दगडाची एक पाटी सापडली. तिच्यावर कोरलेलं आहे शिंगांचं एक हरीण. एका बाजूला धनुष्य ताणलेला माणूस, दुसऱ्या बाजूला भाला खुपसणारा, शेजारी कुत्रा आणि वर दोन सूर्य. तिथले लोक जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांच्या घरांत राहत, असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. काश्मिरातला हिवाळा, वर बर्फ, खाली खड्ड्यातली चूल आणि बाहेर हे हरीण! पुस्तकातला तो फोटो पाहिल्यापासून एकच प्रश्न डोक्यात होता. हरीण बर्फात मारलं की उन्हात, हे हजारो वर्षांनी कुणाला सांगता येतं का?

पुण्यात हे विचारायला दुसरी जागा नाही. हसमुख सांकळिया 1939 मध्ये डेक्कन कॉलेजात आले आणि पुढची कित्येक दशकं इथून माणसं नद्यांच्या काठाकाठानं माणसाचा भूतकाळ शोधत हिंडली. खुद्द सांकळियांना 1969 मध्ये पहलगामजवळ लिद्दर नदीच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. त्याआधी, 1940च्या दशकात, त्यांनी गुजरातेत लंघणजला खणलं, तेव्हा दगडाच्या बारीक पात्यांसोबत ढिगानं हाडं निघाली: काळवीट, चितळ, पाडा, बारशिंगा, नीलगाय, रानडुक्कर. गेंड्याच्या खांद्याचं एक हाडही होतं. त्यावर टोचे पडलेले. ऐरण म्हणून वापरलेलं. ही हाडं लंडनच्या ज्यूलिएट क्लटन-ब्रॉक यांनी तपासली. आज असं काम पुण्यातच होतं.

तिथे हाडांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमना (विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणत, मग मीही) मी माझा प्रश्न विचारला. त्या पुणे-नगर पट्ट्यातल्या एका ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या पांढरीतून आलेल्या पिशव्या उघडत होत्या. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: ट्रेंच, थर, खोली, तारीख. तारखा सगळ्या थंडीतल्या, कारण आपल्याकडे पावसाळा सरून शेतं मोकळी झाली की खणायचे दिवस येतात.

“ऋतू फार पुढचा प्रश्न,” त्या म्हणाल्या. “आधी हे हरीण आहे का, ते ठरवू. हरणाच्या अंगात दोनशेच्या आसपास हाडं. त्यातलं एखादं आपल्या हाती येतं. तेही अर्धं.”

दोनशेतलं एक. हा आकडा त्या पुन्हा पुन्हा उच्चारत होत्या. कधी विद्यार्थ्यांना, कधी मला, कधी नुसतंच. उरलेली हाडं कुत्र्यांनी ओढून नेली, चुलीत गेली, गुरांच्या पायाखाली चुरा झाली, मुरमाड मातीत विरघळली.

मग ओळखायचं कसं? आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चितळ, सांबर, बारशिंगा हे सारंग. त्यांची शिंगं भरीव, फांद्यांची आणि दर वर्षी गळणारी. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा सुळका आणि वर आवरण, आयुष्यभर तेच. मातीत आवरण जातं, सुळका उरतो. शिंग हाती आलं तर काम सोपं. पण बहुतेकदा हाती येतो मागच्या पायाच्या लांब हाडाचा तुकडा. मॅडमनी असे दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. दोन्हींना पुढून उभी खाच होती. एकात ती खाच खालपर्यंत उघडी होती, दुसऱ्यात शेवटाला हाडाच्या छोट्या पुलाखाली झाकलेली. “पूल आहे तो सारंग. हा चितळ,” त्या म्हणाल्या. मी ती खाच अंगठ्यानं कितीदा तरी चाचपली. एवढ्याशा पुलावर चितळाची सगळी ओळख उभी आहे, हे मनात मुरायला वेळ लागला.

काळविटाची गोष्ट अवघड. आकारानं तो शेळीमेंढीच्या इतका जवळ, की तुटक्या हाडावरून तिघांना वेगळं करताना कसलेला माणूसही थांबतो. डेक्कन कॉलेजच्याच अभ्यासकांनी या तिघांच्या हाडांतले फरक एकेक करून लिहून काढले आहेत. हे बारीक काम वाटेल, पण गावाचा सगळा इतिहास त्यावर फिरतो. हाड शेळीचं असेल तर माणूस पशुपालक. काळविटाचं असेल तर तो रात्रभर रानात होता.

मामांना हे फरक पुस्तकातून आलेले नाहीत. शिरूरकडचा माणूस, घरी शेळ्या असतात. ब्रश फिरवता फिरवता ते तुकडा जरा बाजूला सरकवतात. “हे आपल्यातलं नाही,” एवढंच म्हणतात. आपल्यातलं म्हणजे गोठ्यातलं. मॅडम तो तुकडा घेतात, मांडणीवरच्या आजच्या सांगाड्यांतलं तेच हाड काढून शेजारी धरतात, कॅलिपर लावतात, वहीत नोंद करतात. मामांचं म्हणणं नोंदीत येत नाही, पण ते बाजूला सरकवलेले तुकडे मॅडम सर्वांत आधी उचलतात, हे मी पाहिलं. मला वाटतं, विज्ञानाची सुरुवात या जाळीपाशी होते. वहीपाशी ती नुसती पक्की होते.

एक तुकडा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घोट्याचं हाड, सुपारीपेक्षा थोडं मोठं. मॅडमनी दिवा तिरपा केला आणि भिंग दिलं. हाडावर तीन रेघा होत्या, एकमेकींना समांतर, केसाएवढ्या बारीक. कुत्र्याच्या दाताची चर रुंद आणि गोल बुडाची असते, ही अरुंद आणि खोल, म्हणजे पात्याची. ताम्रपाषाणयुग म्हटलं तरी तांबं दुर्मीळच. रोजच्या कापाकापीला कॅल्सिडोनी दगडाची पाती असत. कुणीतरी पाय सांध्यातून सोडवत होतं. पहिला वार बसला नाही, दुसराही नाही, तिसऱ्याला सांधा सुटला. मॅडम एवढं ठामपणे बोलत नाहीत. त्या “सांध्याजवळचे कापल्याचे ठसे, तीन” असं लिहितात. पण मला तो हात दिसला. थंडीनं बधिर झालेला असेल किंवा फार घाईत असेल.

शिकारीची जी चित्रं आपल्या मनात आहेत, ती संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली: भिंतीवर मुंडकी, खाली बंदूक घेऊन बसलेले साहेब. मला ती चित्रं कधीच आवडली नाहीत, आणि या खोलीत बसल्यावर ती फारच परकी वाटली. इथे एकही मुंडकं नाही. इथे फोडलेल्या नळ्या आहेत. लांब हाड दगडावर ठेवून आडवं फोडलेलं, आतली मज्जा काढलेली. बारक्या बोटांची हाडंसुद्धा फोडलेली, ज्यांत चमचाभर मज्जा निघाली तरी पुष्कळ. एवढं कोण फोडतं? ज्याच्या घरी दाणे संपत आले आहेत तो.

घोड नदीच्या काठचं इनामगाव याची साक्ष देतं. पुणे जिल्ह्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी बरीच वर्षं उत्खनन केलं; सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी. इसवीसनपूर्व 1600च्या सुमारास वसलेलं हे गाव इसवीसनपूर्व 700च्या सुमारास उठलं. मधल्या चांगल्या काळात चौकोनी, ऐसपैस घरं, पाण्याचा पाट, बार्ली, गहू. इसवीसनपूर्व 1000नंतर घरं गोल आणि छोटी होतात, भांडी ओबडधोबड होतात. पाऊस कमी झाला, शेती कोसळली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर, भटकंतीवर आणि शिकारीवर अधिकाधिक विसंबले, अशी ढवळीकरांची मांडणी आहे. काळवीट आणि चितळ तिथल्या केरात आहेत. ज्या पट्ट्यात आज टँकरची वाट पाहतात, तिथेच तीन हजार वर्षांपूर्वी माणसं शेत सोडून हरणामागे गेली. त्यांना शिकारी म्हणताना माझी जीभ अडखळते. ते दुष्काळातले शेतकरी होते.

माझ्या ऋतूच्या प्रश्नावर मॅडम सावकाश आल्या. एक वाट शिंगाची. सांबर साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंगं गाळतो, पावसात नवी मखमली फुटतात, हिवाळ्यापर्यंत ती कडक होतात. गळून पडलेल्या शिंगाचं बूड आपोआप सुटलेलं, खडबडीत असतं. ते कुणीही रानातून उचलून आणू शकतो. पण शिंगाखाली कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर ते डोकं जनावराबरोबर आलं आणि जनावर कडक शिंगांच्या दिवसांत मेलं. म्हणजे थंडीत? मी पुढे सरकले.

“स्टार कार वाचा,” त्या म्हणाल्या.

इंग्लंडात यॉर्कशरमध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी 1949 ते 1951 या काळात स्टार कार खणलं. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची शिकाऱ्यांची जागा. तांबड्या हरणांच्या कवट्या शिंगांसह मिळाल्या, काहींना डोक्यावर घालण्यासाठी भोकंही पाडलेली. शिंगं कवटीला चिकटलेली म्हणून क्लार्क यांनी मुक्काम हिवाळ्यातला ठरवला. पाठ्यपुस्तकांतून तो हिवाळा पक्का झाला. पुढे लेग आणि रोली-कॉन्वी या दोघांनी तीच हाडं पुन्हा काढली, शिंगं बाजूला ठेवली आणि पिल्लांचे दात पाहिले. 1988 मध्ये त्यांनी लिहिलं की मुक्काम मुख्यतः उन्हाळ्याकडचा. शिंग हे हत्याराचं सामान. माणूस ते जपून ठेवतो, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला नेतो. दात कुणी जपून नेत नाही. ज्या खोक्यांतून हिवाळा निघाला होता, त्याच खोक्यांतून उन्हाळा निघाला.

दुसरी वाट म्हणूनच दाताची. थंड देशात हरणांची पिल्लं ठरावीक दिवसांत जन्मतात, तेव्हा दुधाचा कोणता दात पडला आणि कोणता वर आला, यावरून मरणाचा महिना काढता येतो. आपल्याकडे चितळाची पिल्लं बारा महिने दिसतात. हिशेब तिथेच विसकटतो. उरते मुळाभोवतीची पुटं. दाताच्या मुळावर दर वर्षी थर चढतो. उपासमारीच्या दिवसांत तो बारीक आणि गडद. बर्फाच्या देशात तो उपास हिवाळ्याचा.

“आणि इथे?”

“इथे बर्फ कुठे आहे? इथला उपास चैत्र-वैशाखाचा.”

हे ऐकल्यावर मला काश्मीरची पाटी आणि इथलं घोट्याचं हाड पहिल्यांदा एकत्र दिसलं. बर्फ पडला की काश्मिरातली हंगूल हरणं आजही दाचीगामच्या खालच्या दरीत उतरतात. चारा तिथे, वारा कमी. खुरांचे ठसे लपत नाहीत, खोल बर्फात पाय रुततात. शिकाऱ्याला हरणामागे जावं लागत नाही, दरीच्या तोंडाशी थांबावं लागतं. इथे वैशाखात नदीचे डोह आटतात, एखादाच उरतो. त्याच्या काठीही थांबलं की पुरे. बर्फानं जे काश्मिरात केलं, ते इथे आटलेल्या पाण्यानं केलं. दोन्हीकडे हरीण भुकेनं हलकं झालेलं, आणि दोन्हीकडे वाट पाहणाराही.

बुर्झहोमच्या पाटीचा आणखी एक अर्थ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला आहे: ती शिकार नसून आकाशाचा नकाशा असावा, आणि दोन सूर्यांपैकी एक म्हणजे स्फोट पावलेला तारा. पुणेकराला हे विचित्र वाटू नये. हिवाळ्याच्या प्रत्येक रात्री आपल्या डोक्यावर पोटात बाण रुतलेला मृग असतो आणि मागे व्याध, आणि याच मृगशीर्षावरून लोकमान्यांनी 1893 मध्ये ‘ओरायन’ लिहून वेदांचा काळ मांडला. मॅडमना मी हे सांगितलं. “असेल,” त्या म्हणाल्या. “पण बुर्झहोमला हरणाची शिंगं खरी निघाली आहेत. कुत्रीही, पुरलेली.” मीही त्यांच्या बाजूची आहे. ज्यानं ती पाटी कोरली, त्याला भाला कुठे खुपसायचा हे ठाऊक होतं.

आज रानात गळलेलं सांबराचं शिंग उचलून घरी आणणंही गुन्हा आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपवली, आणि ते योग्यच झालं. पुण्याच्या पूर्वेला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा उरला आहे तो या कायद्याच्या जोरावर. तुलनेसाठी नवा सांगाडा हवा तर तो परवानगीनंच मिळतो, त्यामुळे मांडणीवरचा प्रत्येक सांगाडा जिवापाड जपलेला. मामा त्यांच्यावरची धूळ कोरड्या ब्रशानं झटकतात.

दुपारी शेवटच्या पिशवीतून खालच्या जबड्याचा तुकडा निघाला, एकच दाढ बसलेली. पुलाची खाच नाही, शिंग नाही. पण दाढ चितळाची, हे मॅडमनी मांडणीवरचे दोन जबडे काढून पक्कं केलं. मुळं शाबूत होती. दाढ कापून पातळ चकती केली, तर पुटं दिसली असती आणि कदाचित ऋतूही. कापायची का, यावर त्या आणि त्यांची एक विद्यार्थिनी बराच वेळ बोलत होत्या. विद्यार्थिनीला कापायची होती. मलाही, मी तसं म्हटलंही. मॅडमनी विचारलं, इथल्या चितळाची पुटं कशी वाचायची याचा आधी आजच्या दातांवर अभ्यास नको का? मरणाचा महिना माहीत असलेली जनावरं, तीही पुरेशी. तो होईपर्यंत चकतीतली रेघ वैशाखाची की पौषाची, हे सांगणार कोण? दाढ मात्र तोवर गेलेली असेल.

त्यांनी जबडा मोजला, फोटो काढले, पिशवीत घातला. चिठ्ठीवर प्राण्याचं नाव लिहिलं, थर लिहिला. ऋतूच्या रकान्यात काही लिहिलं नाही. मामांनी जाळी उचलून आत घेतली, आणि विद्यार्थिनी आजच्या चितळांचे दात मिळवण्यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागतो, हे विचारू लागली.