दारावरची दोन नावे

रमजानमध्ये बाहेरगावचे पाहुणे आले की असरच्या नमाजनंतर, इफ्तारपर्यंतचा वेळ जावा म्हणून, आम्ही त्यांना बीबी का मकबऱ्यात नेतो. पाहुणा हमखास म्हणतो, "हा तर छोटा ताजमहाल!"

साम्य आहेच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो १६५७ मध्ये वारली, तिचा हा मकबरा. तो तिच्या मुलाने, आजमशाहने बांधला असे सर्रास सांगतात. पण काम १६६१ च्या सुमारास पुरे झाले आणि आजमशाहचा जन्म १६५३ चा. आठ वर्षांचे पोर काय बांधणार?

खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाला, असे सांगितले जाते. सात आणेसुद्धा सुटले नाहीत! घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी. बाकी आपला दख्खनचा काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा. गरिबी म्हणून याला हसणारे हसोत. मला तो गिलावाच आवडतो. त्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन पाहावी, दुरून फोटो काढून ती कळत नाही. आत कबर खाली आहे, संगमरवरी जाळीच्या आड. वरच्या सज्जातून वाकून पाहावे लागते.

पण सगळे घाईने ओलांडून जातात तो मुख्य दरवाजा. पितळी पत्र्याने मढवलेल्या त्या दारावरच्या लेखात बांधणाऱ्यांची दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. पाहुण्यांना मी आता आधी तिथेच थांबवतो. घुमट नंतर.